पाण्यातला पतंग : एका फळीची कुळकथा

इंग्लंड आणि वेल्स या प्रांतांसाठी १९७५ साली झालेल्या मत्स्यविषयक कायद्याच्या पहिल्याच कलमात, मासे धरण्यासाठी कोणती साधने वापरू नयेत याची यादी दिली आहे. बंदूक, भाला, तारेचा फास, रात्री दाखवायचा दिवा ही नावे वाचताना आपल्याला नवल वाटत नाही. परंतु याच दांडग्या मंडळींच्या रांगेत एक साधी लाकडी फळी बसलेली आहे. तिला कायद्यात 'ऑटर' म्हणजे पाणमांजर असे नाव आहे. पुढे तिची व्याख्याही दिली आहे. लहानशी होडी असो, फळी असो वा काठी असो, हातदोरीला बांधलेली असो की गळाच्या काठीला जोड म्हणून लावलेली असो, जिच्या योगाने आमिष पाण्यात दूरवर नेता येते अशी कोणतीही वस्तू म्हणजे हे पाणमांजर. व्याख्या इतकी ऐसपैस आहे की त्या फळीने कायदा करणाराला किती सतावले असेल याची कल्पना यावी.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या मिशिगन राज्यात चला. तिथे मासेमारीच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात हीच फळी भडक केशरी-पिवळ्या रंगात भिंतीवर टांगलेली दिसते. तिचे नाव 'प्लेनर बोर्ड'. बाप मुलाला ती वाढदिवसाला भेट देतो. इकडे चोरीचा मुद्देमाल आणि तिकडे वाढदिवसाची भेट! वस्तू एकच असताना एवढे अंतर का पडले, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो, मासेमारीचा नव्हे. आणि म्हणूनच गळ टाकून बसण्याचा धीर अंगी नसतानाही मी या फळीच्या मागे लागलो.

आधी फळी काय करते ते पाहू. वाचकहो, संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर उभ्या असलेल्या पोराच्या हातातला पतंग आठवा. वारा पतंगाला पलीकडे ढकलतो, मांजा त्याला अलीकडे ओढतो, आणि या दोन ओढींच्या भांडणातून पतंग वर चढतो. पतंगाला कण्णी कुठे बांधली यावर सारा खेळ. ती नेमक्या जागी बसली की पतंग वाऱ्याला तिरपा राहतो. चुकली की गोता खातो. हाच पतंग आडवा करून पाण्यात उडवला की झाले पाणमांजर. हात-दीड हात लांबीची फळी, खालच्या कडेला शिसे ठोकलेले, म्हणजे ती पाण्यात कडेवर उभी राहते. एका अंगाला, मध्यापासून थोडी पुढे, दोरीची कण्णी. माणूस काठाकाठाने चालू लागला की फळीही पुढे सरकते. पण ती तिरपी असल्यामुळे पाणी तिच्या आतल्या अंगावर दाब देते आणि ती काठापासून दूर दूर जाते. ती आत जाते, माणूस मात्र काठावरच राहतो. त्या दोरीला हाता-दोन हातांच्या अंतराने बारीक दोऱ्या सोडून प्रत्येकीला गळ आणि खोटी माशी बांधली की तळ्याच्या मध्यावर आमिषांची एक ओळच्या ओळ पोहू लागते. ना होडी, ना काठी, ना आवाज.

इथे सीमाभागातल्या वाचकांसाठी एक गंमत सांगून ठेवतो. आपल्या गळाला कन्नडमध्ये 'गाळ' म्हणतात आणि पतंगाला 'गाळीपट'. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दुसऱ्यातला 'गाळी' म्हणजे वारा. पण आमच्या वर्गातल्या दुभाषी पोरांना हे यंत्र समजावून देताना हा योगायोग फार कामी येतो.

स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्समधल्या डोंगरांत अशी शेकडो लहान तळी आहेत. त्यांत ट्राउट हा चवदार मासा असतो. इंग्रजी कायद्याप्रमाणे भरती-ओहोटी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच्या पाण्यात मासेमारीचा हक्क सर्व जनतेचा. त्याच्या वरच्या गोड्या पाण्यात मात्र तो सामान्यतः काठाच्या जमिनीच्या मालकाचा. डोंगरातले तळे आणि त्याभोवतालचा डोंगर एकाच जमीनदाराच्या नावावर असला म्हणजे तळ्यातला मासाही त्याचा. एकोणिसाव्या शतकात या मालकीला नवी धार आली. राणी व्हिक्टोरियाच्या पतीने १८५२ मध्ये स्कॉटलंडमधली बाल्मोरलची जहागीर विकत घेतली, रेल्वे उत्तरेकडे सरकली, आणि लंडनच्या श्रीमंतांमध्ये डोंगरात जाऊन शिकार व मासेमारी करण्याची टूम निघाली. ज्या डोंगरांवरून मेंढ्यांसाठी कुळांना हुसकले होते, तेच डोंगर आता हंगामी भाड्याने शिकारीसाठी जाऊ लागले. मासा हा अन्नाचा विषय राहिला नाही, तो प्रतिष्ठेचा झाला.

प्रतिष्ठेला नियम लागतात. एक माणूस, एक काठी, एक दोरी, आणि हातात ती माशी नेमकी टाकण्याचे कसब, ही सभ्य माणसाची मासेमारी. याउलट शेजारच्या खेड्यातला मेंढपाळ संध्याकाळी कोटाच्या आत फळी लपवून तळ्यावर येतो, काठाने एक फेरी मारतो, आणि जाताना पाच-सहा मासे घेऊन जातो. कसब म्हणावे तर ते फळी घडवण्यात होते, टाकण्यात नव्हते. १९२३ च्या कायद्यात आणि पुढे १९७५ च्या कायद्यात या फळीला बंदी आहे, ती या संघर्षाचे फळ आहे.

इथे मेंढपाळाची बाजू घेऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाने सोपे करू नये. डोंगरातले तळे लहान असते, तिथले पाणी थंड, खाद्य बेताचे, मासा सावकाश वाढतो. अशा तळ्यात डझनभर गळांची ओळ रोज फिरली तर काही वर्षांत तळे रिकामे होऊ शकते. मासा राखायला हवा हा युक्तिवाद खोटा नव्हता. प्रश्न एवढाच की तो कोणासाठी राखायचा, आणि त्याचे उत्तर देताना खेड्याला कोणी विचारले नाही.

विचारले असते तर काय झाले असते, हे समुद्रापलीकडच्या नॉर्वेत दिसते. तिथेही हीच फळी आहे आणि तिचे नावही 'ओतेर', म्हणजे पाणमांजरच. नॉर्वेच्या डोंगराळ भागात मोठमोठ्या जमिनी सार्वजनिक आहेत. तिथे परगावच्या माणसाने काठी घेऊन यावे, परवाना काढून हौस भागवावी. पण जाळे आणि ओतेर ही साधने बऱ्याच ठिकाणी त्या मुलखात कायम राहणाऱ्यांसाठी राखलेली असतात. इंग्लंडने जे साधन गावकऱ्याच्या हातून काढून घेतले तेच नॉर्वेने गावकऱ्यासाठी राखून ठेवले. दोघांनाही मासा टिकवायचा होता.

फळी इथेच थांबती तर ही एका मजेदार वस्तूची हकीकत झाली असती. पण ती डोंगरातून समुद्रावर उतरली, आणि तिथून आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत समुद्राच्या तळाशी ओढायच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवायला एक भली मोठी लाकडी तुळई लावीत. तुळई किती लांब असणार? झाडाएवढी. आणि तेवढी तुळई होडीवर चढवताना खलाशांचे हातपाय मोडत. म्हणजे जाळे केवढे असावे हे झाड ठरवीत होते. १८९४ च्या सुमारास एडिंबरोजवळच्या ग्रँटन बंदरातल्या स्कॉट नावाच्या गृहस्थाने तुळई काढून टाकली आणि जाळ्याच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन तिरप्या फळ्या बांधल्या. आगबोट चालू लागली की एक फळी डावीकडे पळते, दुसरी उजवीकडे, आणि जाळ्याचे तोंड आपोआप फाकते. दोन पतंग एकमेकांपासून दूर उडावेत तसे. काही वर्षांतच ब्रिटनच्या आगबोटींनी तुळया टाकून दिल्या. या जाळ्याला आजही 'ऑटर ट्रॉल' म्हणतात. मेंढपाळाच्या फळीला तुरुंग दाखवणाऱ्या देशात तिच्या थोरल्या भावंडाला पेटंट मिळाले.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा गोव्यात मळीम, कुटबणच्या धक्क्यावर कधी गेलात तर उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या मागच्या बाजूला पाहा. दरवाजाच्या फळीएवढे दोन जड पाट दोन अंगांना लटकत असतात. तेच हे. गोव्यात साठ-सत्तरच्या दशकांत ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्यावरून पिढ्यान्पिढ्या रापण ओढणाऱ्या रापणकारांच्या तोंडचा घास गेला. मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर आले, आणि १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा होऊन किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी ट्रॉलरना बंद झाले. कागदावरची ही रेघ समुद्रात किती पाळली जाते यावर वाद चालतच आले आहेत. बेळगावच्या बाजारात गोव्या-कारवारकडून येणारा बांगडा या दोन फळ्यांच्या मधून आलेला असतो की रापणीतून, हे आपण विकत घेताना विचारीत नाही.

युद्धानेही फळीला कामाला लावले. पहिल्या महायुद्धात समुद्रात साखळीला बांधलेले सुरुंग पेरले गेले. ही गोष्ट फार दूरची नाही. 'वोल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने १९१७ च्या फेब्रुवारीत थेट मुंबईच्या समुद्रात सुरुंग टाकले होते आणि त्याच जूनमध्ये 'मोंगोलिया' ही मोठी प्रवासी आगबोट मुंबईच्या दक्षिणेला सुरुंगावर आपटून बुडाली. अशा सुरुंगापासून जहाज वाचवायला ब्रिटिश आरमारातल्या बर्नी या अधिकाऱ्याने 'पॅराव्हेन' नावाचे यंत्र काढले. जहाजाच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना तारा सोडायच्या, तारेच्या टोकाला पंखाचा एक तरंगता मासा. जहाज चालले की तो दूर पळतो, तार ताणली जाते, आड आलेल्या सुरुंगाची दोरी त्या तारेवरून घसरत बाहेर जाते आणि कात्रीत सापडून तुटते. व्यापारी जहाजांसाठी याची जी आवृत्ती निघाली तिला खलाशी काय म्हणत? ऑटर. पुढे १९१९ मध्ये 'ओरोपेसा' नावाच्या बोटीवर सुरुंग झाडण्याची जी पद्धत पक्की झाली तिच्यात दोन भाग होते. तारेला खाली दाबून धरणारा भाग 'काइट', म्हणजे पतंग, आणि बाहेर ओढणारा भाग 'ऑटर'. मी वर दिलेली पतंगाची उपमा माझी नव्हे, आरमाराची आहे असेच म्हणायला हवे. हे काम करायला आरमाराने १९१० पासूनच ट्रॉलरवरच्या कोळ्यांचे एक राखीव दल उभे केले होते, कारण पाण्याखाली तिरपी फळी ओढून नेण्याची विद्या त्यांच्याएवढी कोणाला येत होती?

आता गोड्या पाण्याकडे परत येऊ. कारण फळीचे खरे राज्य उभे राहिले ते अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पाच महासरोवरांत. ही सरोवरे मिळून सुमारे दोन लाख चव्वेचाळीस हजार चौरस किलोमीटरचे पाणी आहे. म्हणजे महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग पाण्याने भरला असे समजा. या पाण्याचा राजा होता लेक ट्राउट नावाचा मासा. नायगाराचा धबधबा खालच्या समुद्री जीवांना वर येऊ देत नव्हता, तोवर राजाला भय नव्हते. पण जहाजांना धबधबा चढवण्यासाठी माणसाने १८२९ मध्ये वेलँडचा कालवा काढला, आणि पुढे तो मोठा केला. त्या वाटेने 'सी लॅम्प्रे' हा जीव वर आला. सापासारखे अंग, जबडा नाही, तोंड म्हणजे दातांनी भरलेली एक चकती. ती माशाच्या अंगाला चिकटवून तो त्याचे रक्त शोषतो. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला, १९३८ पर्यंत सुपीरियरला पोचला. पुढच्या दीड-दोन दशकांत मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट संपला म्हणावा इतका संपला आणि त्यावर जगणारी कोळ्यांची बंदरे ओस पडली. शास्त्रज्ञांनी सुमारे सहा हजार रसायने तपासून १९५७ च्या सुमारास लॅम्प्रेची पिल्ले मारणारे एक रसायन शोधले. तेव्हा कुठे लॅम्प्रे आवाक्यात आला.

पण राजा गेला की प्रजा माजते. त्याच वाटेने 'अलेवाइफ' नावाचा बोटभर-वीतभर चंदेरी मासा आला होता. त्याला खाणारा कोणी उरला नव्हता. तो अनिर्बंध वाढला आणि १९६७ च्या उन्हाळ्यात कोट्यवधींनी मेला. शिकागोच्या किनाऱ्यांवर मेलेल्या माशांचे बांध पडले, यंत्रे लावून ते उचलावे लागले, आणि दुर्गंधीने माणसे किनारा सोडून पळाली.

याच्या आधीच, १९६४ मध्ये हॉवर्ड टॅनर हे मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख झाले होते. त्यांनी एक धाडस केले. पॅसिफिक महासागराकडच्या ओरेगॉन राज्याकडून कोहो सॅमनची दहा लाख अंडी मागवली, पिल्ले वाढवली आणि १९६६ च्या वसंतात ती नद्यांत सोडली. समुद्राचा मासा गोड्या सरोवरात वाढेल का, याची कोणालाच खात्री नव्हती. तो वाढला. नुसता वाढला नाही, अलेवाइफ खाऊन इतका फोफावला की १९६७ च्या पानगळीत मिशिगनच्या किनाऱ्यावर माणसांची जत्रा लोटली. ज्यांनी कधी तळ्यापलीकडचे पाणी पाहिले नव्हते असे लोक लहानलहान होड्या घेऊन सरोवरात उतरले. २३ सप्टेंबरला अचानक वादळ आले आणि सात जण बुडून मेले. दुसऱ्या दिवशीही लोक आले.

टॅनरसाहेबांच्या या निर्णयामुळे सरोवराचा धनी बदलला, हे ध्यानात ठेवायला हवे. पूर्वी सरोवर कोळ्याचे होते. आता ते हौशी माणसाचे, म्हणजे शनिवार-रविवारी काठी घेऊन येणाऱ्या कामगाराचे, दुकानदाराचे, शिक्षकाचे झाले. या माणसापुढे एक अडचण होती. सॅमन आणि ट्राउट मोठ्या पाण्यात विखुरलेले असतात, म्हणून होडी हळूहळू चालवून मागे आमिष ओढत न्यावे लागते. याला ट्रोलिंग म्हणतात. (समाजमाध्यमांवरचे ट्रोल वेगळे, जरी तेही आमिषच टाकतात.) चार-सहा दोऱ्या एकाच होडीच्या मागे सोडल्या तर त्या एकमेकींत गुंततात. शिवाय होडी जिथून गेली तिथला मासा आधीच बुजून बाजूला झालेला असतो. आमिष पोचते ते रिकाम्या पाण्यात. वसंतात तर मासा किनाऱ्यालगत उथळ पाण्यात असतो आणि होडी तिथे नेताच येत नाही.

इथे आपली फळी कामाला आली. आता काठाने चालणारा माणूस नव्हता, त्याच्या जागी चालणारी होडी होती, एवढाच फरक. पद्धती दोन रूढ झाल्या. पहिलीत होडीवर लहानशी डोलकाठी उभी करून तिच्यावरून जाड दोरीने दोन मोठ्या फळ्या दोन अंगांना शे-दीडशे फुटांवर सोडतात. मग गळाची प्रत्येक दोरी एका चिमट्यात धरून तो चिमटा त्या जाड दोरीवरून घसरू देतात. वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दोऱ्या ओळीने लोंबतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि माणूस व मासा यांच्यामध्ये नुसती दोरी उरते. दुसऱ्या पद्धतीत वीतभर लांबीची हलकी फळी सरळ गळाच्या दोरीलाच अडकवतात. ती डुचमळली, मागे पडली की मासा लागला. काहींना तर लहानसे निशाण असते, ते आडवे पडते. होडी वळली की आतल्या बाजूची फळी मंदावते, बाहेरची वेग घेते. मासा कोणत्या फळीवर लागला यावरून आज त्याला कोणता वेग आवडतो हे जाणते लोक ओळखतात आणि मग सगळ्या होडीचाच वेग तसा करतात. वेग तरी किती? माणूस रमतगमत चालेल तेवढा. जुना मेंढपाळ तळ्याकाठी चालत असेल त्याच चालीने ही होडी चालते.

कायद्याने इथे फळीला हरकत घेतली नाही. त्याचे कारण पाण्याच्या मालकीत आहे. इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोसमोरचा हजार एकरांहून अधिक सरोवरतळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा तळ राज्याकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असतो. राज्य तो असा वाटून टाकू शकत नाही. म्हणजे या पाण्यात जमीनदारच नाही. मग चोरी कोणाची करणार? मासा राखण्याचे काम कायदा साधनावर बंदी घालून नव्हे तर मोजून करतो. मिशिगनमध्ये माणशी तीन गळांपर्यंत मुभा, माशांच्या संख्येला रोजची मर्यादा, आणि प्रत्येकाला परवाना. १९५० च्या एका कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा कर राज्यांच्या मत्स्य विभागांना मिळतो, त्यातून नवी पिल्ले सोडली जातात. आपल्याकडच्या १८९७ च्या मत्स्य कायद्यानेही सुरुंगाची दारू आणि विष या दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. पाण्यातले सगळे जीव एका झटक्यात मारणारे साधन कोणाच्याही हातात वाईटच. फळीचे तसे नाही. ती एकेकच मासा धरते, फक्त जरा दूरवरून.

जनतेचे पाणी म्हणावे, तर त्या जनतेत कोण मोडतो? मला या साऱ्या कुळकथेत हाच भाग सर्वांत जड वाटतो. १८३६ च्या तहाने ओटावा आणि चिपेवा या मूळ जमातींनी आजच्या मिशिगनचा एक-तृतीयांशाहून अधिक प्रदेश अमेरिकेला दिला, पण शिकारीचे व राहणीचे आपले नेहमीचे हक्क राखून ठेवले. त्यांचे साधन होते गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे राहून माशाचे कल्ले अडकवणारे जाळे. सरोवर हौशी मंडळींसाठी चालवायचे ठरल्यावर राज्याने गिलनेटला विरोध धरला, कारण त्यात हौशी माणसाचा लेक ट्राउटही अडकतो. १९७१ मध्ये बे मिल्स जमातीचे अल्बर्ट लेब्लांक यांनी सुपीरियर सरोवरात मुद्दाम गिलनेट लावले आणि अटक करवून घेतली. बंदी असलेल्या साधनाने उघड्यावर मासा धरायचा आणि न्यायालयाला विचारायचे, की पाणी कोणाचे? १९७६ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तहातला मासेमारीचा हक्क मान्य केला. १९७९ मध्ये संघराज्याचे न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी तो आणखी स्पष्टपणे उचलून धरला. निकालानंतर धक्क्यांवर धमक्या झाल्या, जमातीच्या कोळ्यांची जाळी कापली गेली. ज्या हौशी माणसाच्या फळीला जुन्या जगात चोर ठरवले होते, तो नव्या जगात सरोवराचा धनी झाल्यावर दुसऱ्याच्या जाळ्याला चोर म्हणू लागला होता. आपल्या रापणकाराचे दुखणे नेमके उलट होते. तिथे फळीवाला बलदंड होता आणि जाळेवाला दुबळा. मग फळी कोणाच्या बाजूची म्हणायची?

सरोवर या भांडणांची वाट पाहत थांबले नाही. १९८८ मध्ये परदेशी जहाजांतल्या पाण्याबरोबर आलेले झेब्रा शिंपले सेंट क्लेअर सरोवरात सापडले. त्यांनी पाणी गाळून गाळून इतके निवळ केले की होडीची सावलीही माशाला दिसू लागली, आणि आमिष होडीपासून दूर नेणाऱ्या फळीची गरज वाढली. ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास अलेवाइफ कोसळला. त्याच्या जिवावर वाढलेला चिनूक सॅमनही त्यापाठोपाठ गेला. पण अलेवाइफ नाहीसा होताच, ज्याची कोवळी पिल्ले तो खात असे तो मूळचा वॉलआय मासा सॅगिनॉ उपसागरात पुन्हा वाढला. आता तिथल्या फळ्यांमागे वॉलआय लागतो.

तहाच्या पाण्याची वाटणी राज्य, संघराज्य आणि जमाती यांच्यात १९८५ मध्ये एकदा, आणि पाच जमातींसह २००० मध्ये दुसऱ्यांदा ठरली. दुसऱ्या वेळी राज्याने पैसे मोजून जमातींच्या बऱ्याच कोळ्यांना गिलनेट सोडून पिंजऱ्याच्या जाळ्यांकडे वळवले, कारण त्यात नको असलेला मासा जिवंत परत सोडता येतो. तिसरी वाटणी २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने मंजूर केली. तिच्यात काही भागांत गिलनेटला पुन्हा जागा मिळाली आहे. त्यावर फळीवाल्या हौशी संघटनाही नाराज आहेत, आणि पाचांपैकी सू सेंट मरी जमातीनेही हरकत घेतली, ती मात्र आपल्या हक्काला अजून मुरड पडते आहे म्हणून.